बाबा माझ्या वर्गात

बाबा फौजेतून कायमचे घरी आले आणि आमच्या घरातली सकाळची झोप संपली. तोवर ते वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचे, महिना-दीड महिना राहायचे आणि पाहुणा निघावा तसे निघून जायचे, त्यामुळे त्यांच्या सवयींची झळ आम्हाला कधी लागली नव्हती. आता कोंबडा आरवायच्या आधी अंगणात बूट वाजू लागले. माझ्या उशाशी "उठो जवान!" अशी आरोळी यायची आणि मी, नुकतीच बारावी पास झालेली, स्वतःला फार मोठी समजणारी मुलगी, दचकून उठून चक्क सरळ उभी राहायची. अंथरुणाच्या घड्या एका रेषेत, चपला एका रेषेत, पाण्याचे गुंड-हंडे एका रेषेत. आई चार दिवस कौतुकानं बघत राहिली. मग एका सकाळी त्यांनी चुलीजवळचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, आईला हळद सापडेना, तेव्हा ती झारा हातात घेऊन बाहेर आली. "अवो, तुमची पलटन तिकडं सुटली. ह्या चुलीवरची सुभेदार मी हाव," ती म्हणाली. बाबांनी टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि डबे मुकाट्यानं पूर्वीसारखे अस्ताव्यस्त करून दिले. मी हसून हसून खाली बसले. घरात रोज काहीतरी घडतंय, याचीच मला इतकी मजा वाटत होती की त्या बूट-आरोळ्यांचा राग कधी आलाच नाही.

आमचं गाव नागभीडपासून दीडेक कोसावर. चारी बाजूंनी धानाची बांध घातलेली शेतं, म्हणजे बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल. सतरा वर्षं या बांध्या आईनंच सांभाळल्या होत्या. रोपांसाठी पऱ्हे टाकणं, रोवणीच्या बाया जमवणं, पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी भांडणं आणि भांडून झालं की त्याच्याच घरी विरजण मागायला जाणं, सगळं ती एकटीनं करायची. सकाळी भाताची पेज आणि जवसाची चटणी, संध्याकाळी लाखोरीची डाळ आणि भात, सणावाराला कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, असं आमचं खाणं. बाबा इतकं भराभर जेवायचे की आई वाढून पाठ वळवते न वळवते तोच ताट रिकामं. "कोनी हिसकून नेऊन राह्यलं का?" ती विचारायची. बाबा "नाई" म्हणायचे. एवढंच. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं आणि थांबायचं, अशी त्यांची रीत होती. पहाडावर थंडी किती असते, असं विचारलं तर "लय" म्हणायचे. मला वाटायचं, एवढा देश पालथा घालून आलेला माणूस, सांगायला किती असेल याच्याकडे, पण तो सगळा माल त्यांनी फौजेतून आणलेल्या काळ्या पेटीसारखा कुलपात होता.

आमच्या भागातले फौजेतून सुटलेले लोक पुढे काय करायचे, ते ठरल्यासारखंच होतं. घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या फाटकावर, नाहीतर कोरपन्याकडच्या सिमेंटच्या कारखान्यात पहारेकरी. बाबांच्याच पलटणीतले मडावी काका त्यांच्याआधी दोन वर्षं सुटून आले होते. ते मूळचे धानोऱ्याकडच्या जंगलातले, पण आता घुग्घुसला खाणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांचे प्रमुख. बाबा आल्याचं कळताच ते मोटरसायकलवरून आले, भुवयांपर्यंत धुळीनं माखलेले. "जोहार, वहिनी," म्हणत ओट्यावर बसले आणि पाण्याचा गडवा एका दमात रिकामा करून बाबांना म्हणाले, "कधी येता सांगा. तुमच्यासारखा मानूस मले पायजेच." बाबा म्हणाले, "सांगतो." काकांनाही बाबांच्या बोलण्याची सवय होती, त्यांनी पुढे विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मला कॉलेजात घालायला बाबा माझ्याबरोबर निघाले. नागभीडहून छोट्या लाइनीच्या गाडीनं तासाभराच्या अंतरावर ते कॉलेज. कौलारू इमारत, समोर कडुनिंब, आणि मागे नुसतं मोकळं मैदान. माझा प्रवेश अर्ध्या तासात झाला. मी बाहेर आले तर बाबा दिसेनात. शोधत गेले तर ते भूगोलाच्या खोलीत भिंतीसमोर उभे होते. भिंतीवर आमच्याच भागाचा मोठा नकाशा टांगला होता आणि बाबा त्यावरून बोट फिरवत होते, अगदी हळू, गुरांच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. दारात येरणे सर उभे होते. सर तेव्हा जेमतेम तिशीचे, काडीसारखे बारीक, भूगोलाचे एकुलते एक प्राध्यापक. "नकाशा वाचता येतो का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. बाबा गर्रकन वळले, सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "जी, श्रीमान. शेवटली पाच वर्षं रंगरूटांना मॅप रीडिंग शिकवलं." सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला आजही दिसतो. त्या कॉलेजात भूगोल म्हणजे जागा भरायचा विषय, आणि इथे एक माणूस नकाशासमोर उभा राहून हरखून गेला होता. "बारावी झालीय?" सरांनी विचारलं. फौजेत असतानाच बाहेरून केली होती. "मग या की वर्गात," सर म्हणाले. त्यांनी ते थट्टेत म्हटलं असावं. बाबांना थट्टा कळायची नाही. 

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. नागभीड जवळ आलं तेव्हा म्हणाले, "बेबी, मले शिकवाचं हाये. मास्तर व्हाचं हाये. रंगरूटांपुढं उभा राह्यलो का मले बरं वाटे. पन डिग्रीबिगर कोन मास्तर करते?" माझ्या आयुष्यात त्यांनी एका वेळी एवढी वाक्यं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी बाकावरून उडीच मारली. माझ्या अंगात आनंद नुसता भरून आला. माझे बाबा माझ्या वर्गात! मला लाज वाटायला हवी होती असं पुढे कितीतरी जणींनी मला सांगितलं. कसली लाज? इतकी वर्षं वर्षातून दीड महिना मिळणारा बाप मला आता रोज, जाता-येता, तासाच्या तासाला मिळणार होता.

आईला आम्ही चुलीपाशी गाठलं. तिनं ऐकलं, चुलीतलं लाकूड आत सारलं. "शिकून राह्यले त शिका," ती म्हणाली, "बांध्या मी पायतच आली, पाहीन आनखी. पन एक सांगतो, मंधात सोडाचं नाई." जिल्ह्याच्या गावी माजी सैनिकांसाठी जे सरकारी कार्यालय होतं तिथल्या बाबूंनीही धीर दिला. फौजीच्या पोरीला शिकायला जशी मदत मिळते तशी खुद्द फौजीलाही मिळते, पण घ्यायला आजवर या भागातून कोणी आलंच नाही, असं ते म्हणाले. गावात मात्र आठ-पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. रोवणीला आलेल्या बाया चिखलातून ओरडायच्या, "का वं बेबी, बापाले शाळंत सोडाले चालली का?" मी ओरडायची, "हो! डबा पन मीच देतो!"

कॉलेजातला पहिला तास मी कधी विसरायची नाही. मुलींचे बाक डावीकडे, मुलांचे उजवीकडे. बाबा मुलांच्या पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. येरणे सर दारातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच बाबा उभे राहिले आणि कौलं हलतील अशा आवाजात गरजले, "क्लाऽऽस, सावधान!" सगळा वर्ग धडपडून उभा राहिला. कोणाचं पेन पडलं, कोणाची वही. मागच्या बाकावर शालिक नावाचा मुलगा होता, पहाटे गुरांचं करून यायचा आणि पहिल्या तासाला नेमानं झोपायचा, तो तर भिंतीला धडकला. "श्रीमान, क्लास तालीम के लिए तैयार है," बाबांनी खबर दिली. फौजेत वर्गातला सगळ्यात ज्येष्ठ माणूस शिकवणाऱ्याला अशी खबर देतो, आणि या वर्गात ज्येष्ठ कोण याबद्दल शंका नव्हती. सर क्षणभर गोंधळले आणि मग त्यांनीही ताठ उभं राहून "बैठो" म्हटलं. वर्गात हशा फुटला. महिन्याभरानं बाबा एकदा तापानं आले नाहीत, तर मुलांनीच शालिकला पुढे करून खबर द्यायला लावली. सगळे त्यांना हवालदार काका म्हणू लागले होते.

फौजेत दर जवानाला एक जोडीदार असतो, त्याला 'बडी' म्हणतात. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, एकानं दुसऱ्याला मागे टाकून पुढे जायचं नाही. बाबांनी मला बडी केलं. मी त्यांना मराठी लिहायला शिकवायचं, कारण सतरा वर्षांत त्यांची मराठी फौजी हिंदीत बुडून गेली होती. ते 'उद्देश' लिहायच्या जागी 'मकसद' लिहायचे. त्यांनी मला वेळ पाळायला शिकवायचं. गाडीच्या आधी स्टेशनावर, तासाच्या आधी वर्गात. छोटी गाडी स्वतः कधी वेळेवर आली नाही, पण तिची वाट आम्ही मात्र नेहमी वेळेवर पाहिली. फलाटावर बसून मी त्यांना इतिहास वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. आईनं दिलेली तांदळाच्या पिठाची भाकर आम्ही तिथंच मोडायचो. ते दिवस मला आजही फार सुखाचे वाटतात.

सहामाही परीक्षा आली. पहिल्या पेपरला मी मान खाली घालून लिहीत होते आणि सहज बघितलं तर बाबांनी पेन बाकाला समांतर ठेवलं होतं, हात मांडीवर, नजर समोर. अर्ध्या तासात पेपर संपवून ते पहाऱ्यावर बसल्यासारखे बसले होते. मला वाटलं, किती हुशार आहेत! निकाल लागला तेव्हा बाबा सगळ्या विषयांत नापास. भूगोलातसुद्धा. येरणे सरांनी आम्हा दोघांना बोलावून उत्तरपत्रिका दाखवल्या. इतिहासात एका पराभवाची सविस्तर कारणं विचारली होती. बाबांनी लिहिलं होतं, "रसद तुटली. पराभव." मराठीत कवितेचं रसग्रहण होतं. "कविता चांगली आहे. कवीला झाडं आवडतात." मोसमी वाऱ्यांच्या परिणामांवर पानभर लिहायचं होतं, तर "१. पाऊस. २. धान. ३. पूर." सर हसले नाहीत. ते कळवळून म्हणाले, "हवालदार, हे सगळं बरोबर आहे हो. पण याला गुण कुठून देऊ? जरा पसरून लिहा ना." बाबा म्हणाले, "जेवढं विचारलं, तेवढं सांगतलं, श्रीमान."

परतीच्या गाडीत त्यांनी वही उघडलीच नाही. मी दोन-तीन आठवडे त्यांना पसरून लिहायला शिकवायचा आटापिटा केला. "बाबा, एका वाक्याची चार वाक्यं करा." "जे एका लाइनीत बसते त्याच्यासाठी पान काऊन नासवाचं?" ते खरोखर न कळून विचारायचे. एके दिवशी त्यांनी मडावी काकांना निरोप धाडला. काका आले, म्हणाले, एक म्हातारा पहारेकरी उन्हाळ्यात सुटतोय, त्याच्या जागी तुमचं नाव सांगतो. बाबा म्हणाले, "सांगा." आई ताट आपटत बाहेर आली. "मंधात सोडाचं नाई म्हनलं होतं मी!" बाबा मान खाली घालून म्हणाले, "अवं, मले येतच नाई त का करू? पोरीच्या मांडीले मांडी लावून नापास होऊन राह्यलो. फाटकावर उभं राहाचं मले येते." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर रडूच फुटलं. मास्तर व्हायचं स्वप्न बघणारा तो माणूस मला पाच महिन्यांपूर्वीच भेटला होता आणि तो आता परत कुलपात जायला निघाला होता.

आता हे लिहिताना मी थांबले, कारण दारात एक मुलगा येऊन गेला. तोही असाच फौजेतून सुटलेला, कॉलेजातल्या फौजींच्या खोलीचा पत्ता विचारत होता. मी पुढे गडचिरोलीला बरीच वर्षं शिकवलं. तिथं माजी सैनिक, त्यांच्या बायका, मुलं, कोणाची विधवा, असे जे शिकायला येत त्यांच्यासाठी मी भांडून एक खोली मागून घेतली होती. निवृत्त झाले तरी लोक अजून घरी येतात. आता त्यांच्याकडे मोबाइलवर सगळे तास असतात, आमच्यासारखी गाडीची वाट पाहावी लागत नाही. तरी पहिल्या परीक्षेत आपटून कोणी आला की मी त्याला एकच विचारते, "बेटा, पेपर कोणासाठी लिहिलास?" तो बुचकळ्यात पडतो. मलाही हे आधी कुठं कळलं होतं? ते मला कॉलेजच्या मागच्या मैदानात कळलं.

झालं असं, की वर्गात कोणाच्याच डोक्यात समोच्च रेषा शिरत नव्हत्या. नकाशावरच्या त्या वेड्यावाकड्या रेषांवरून डोंगर कसा ओळखायचा, हे सरांनी फळ्यावर काढून काढून सांगितलं, तरी शालिक म्हणायचा, "सर, मले त कोन्या बाईनं चूल सारवल्यासारखं दिसते." येरणे सरांनी बाबांना गाठलं. "हवालदार, तुम्ही जाणार म्हणता ते जा. पण जायच्या आधी एक धडा घ्या. फौजेत जसा घेत होता तसाच." बाबांचे खांदे एकदम ताठ झाले.

रविवारी सकाळी आम्ही सगळे मैदानात जमलो. बाबांनी आदल्या दिवशी सामान सांगून ठेवलं होतं. नदीची रेती, काळी माती, धानाचा कोंडा, विटांची भुकटी, चुना, आणि कपड्यांची नीळ. मुलांनी बैलबंडीतून सगळं आणलं होतं. बाबांनी जमिनीवर खुंट्या ठोकून दोऱ्यांचे चौकोन आखले आणि आमचा सगळा मुलूख त्या रेतीत उभा करायला लावला. कोंड्याचं जंगल, विटांच्या भुकटीचे रस्ते, निळीची वैनगंगा. दुपारी डबे उघडले तेही नदीकाठी बसल्यासारखे तिच्या कडेनं. मग बाबांनी आमच्या भागातला सातबहिणींचा डोंगर मातीचा करून एका खड्ड्यात बसवला, भोवती आळं केलं आणि शालिकला घागर घेऊन उभं केलं. "डाल पानी. बस. आता बेबी, पानी जिथी टेकलं तिथी चुन्याची रेघ." मी रेघ ओढली. आणखी पाणी, आणखी एक रेघ. पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. पाणी जिरल्यावर डोंगराच्या अंगावर पांढऱ्या रेघाच रेघा उरल्या, आणि वरून वाकून पाहिलं तर हुबेहूब नकाशा. "आई गंऽऽ!" शालिक किंचाळला. सगळी मुलं एकमेकांवर पडून बघू लागली, मुली ओरडू लागल्या, येरणे सर तर चिखलात गुडघे टेकून टाळ्या वाजवत होते.

आणि बाबा बोलत होते. कोणी काही विचारो न विचारो, बोलत होते. रेघा जवळजवळ आल्या की चढ कसा उभा असतो, अशा चढावर खेचराच्या पाठीवरचं सामान कसं घसरतं, एकदा त्यांचंच कसं घसरलं, पाणी कुठल्या घळीतून उतरेल, म्हणून बांधी कुठं काढावी आणि घर कुठं बांधू नये. शालिकनं "काऊन?" म्हटलं की बाबा पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या उदाहरणानं. त्याला कळलंय की नाही ते त्याच्या डोळ्यांत पाहून, आणखी एक उदाहरण. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. हाच का तो तीन शब्दांत मोसमी वारे संपवणारा माणूस? आणि मला एकदम लख्ख दिसलं. हातातला चुना तसाच टाकून मी ओरडले, "बाबा! तुमी पेपर साहेबासाठी लिहून राह्यले!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला धाप लागली होती. "साहेबानं विचारलं का जवान एका शब्दात सांगते. जास्त बोलला त साहेब रागावते. हो ना? तुमी पेपर तपासनाऱ्याले साहेब समजून राह्यले. त्याले मोठा समजू नोका. त्याले काईच येत नाई असं समजा." "साहेबाले येत नाई असं कसं समजाचं?" बाबांनी हळूच विचारलं. ते त्यांच्या हाडामांसात नव्हतंच. तेव्हा येरणे सर चिखलातून उठले. ते म्हणाले, "हवालदार, पेपर मी तपासत नाही असं समजा. शालिक तपासतो." शालिक घागर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आन मले काईच येत नाई, काका. देवाची आन." मैदान हसण्यानं दणाणून गेलं. बाबाही हसले, पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं मी पाहिलं.

पुढचे महिने आम्ही कसे काढले ते सांगायला मला दुसरं प्रकरण लागेल. धान चुरून घरात आलं, मोहफुलांचा वास सुटू लागला आणि बाबा फलाटावर बसून शालिकला उद्देशून लिहीत होते. "पाहा शालिक, आधी समुद्र तापते," अशी उत्तरं सुरू व्हायची. मी 'शालिक' तेवढं खोडून टाकायची, बाकी सगळं सोन्यासारखं असायचं. मडावी काकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "परीक्षा देऊन पायतो. जमलं नाई त शेवटल्या पेपराच्या दिवशी सांगतो, मले घेऊन जा." काकांनी म्हातारा सुटेपर्यंत जागा धरून ठेवली.

शेवटला पेपर भूगोलाचा होता. अर्धा तास झाला, मी चोरून पाहिलं. बाबा लिहीत होते. तास झाला, लिहीत होते. मग एकदम बाक मागे सरकल्याचा आवाज आला आणि सगळ्या हॉलनं दचकून माना वर केल्या. बाबा सावधानमध्ये उभे होते. "पुरवणी, श्रीमान!" पुढे आणखी दोनदा ती गर्जना झाली. घंटा वाजली तेव्हा पर्यवेक्षक त्यांच्या हातातला पेपर ओढत होते आणि बाबा लिहिलेल्याखाली दुसऱ्या हातानं रेघ मारत होते. बाहेर आले तर उजव्या हाताची बोटं शाईनं निळी, डोळे लहान मुलासारखे चमकणारे. मी विचारलं, "कसा गेला?" आणि बाबा सुरू झाले. पहिल्या प्रश्नापासून. गाडी आली, आम्ही चढलो, समोरच्या बाईनं शेंगा दिल्या, गाडी मध्येच थांबली, सुटली, नागभीड आलं, बांध्यांच्या धुऱ्यावरून चालत आम्ही गाव गाठलं, तरी ते बोलतच होते.

ओट्यावर मडावी काका येऊन बसले होते. ते निकड घेऊन आले होते हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. आईनं ताटं वाढली होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता. काकांनी विचारलं, "का गा, कसा झाला पेपर?" झालं. बाबांनी बूटसुद्धा काढले नाहीत. त्यांनी उखळ ओढून घेतलं, तो समुद्र. उलटं टोपलं ठेवलं, तो पश्चिमेचा घाट. आईच्या हातातलं सूप घेतलं आणि वारा घालून दाखवू लागले. वारा कुठून निघतो, घाटापाशी त्याचं काय होतं, आमच्या झाडीपट्टीत पूर्वेच्या समुद्राकडूनही पाणी कसं येतं, आणि म्हणून आपल्याकडे धान का आणि घाटाच्या सावलीतल्या कोरड्या मुलखात ज्वारी का. काकांनी तीनदा तोंड उघडलं. "बरं, मंग खानीचं..." एवढंच त्यांना म्हणता यायचं. शेवटी ते उठले, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि आईला म्हणाले, "वहिनी, ह्याले आता फाटकावर उभा करून उपयोग नाई. एकाद्या ट्रकवाल्याले कुठून आला म्हून इचारन, आन थो सांगाच्या आधी हाच त्याले कोयसा कसा तयार झाला थे समजावत बसन. घुग्घुसपासून चांद्यापर्यंत ट्रकांची लाइन लागन." मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी दुसरा मानूस पायतो. तुमी मास्तर व्हा." आणि मोटरसायकल धुरळा उडवत निघून गेली.

निकाल पुढे उन्हाळ्यात लागला, बाबा पास झाले, आणि आणखी काही वर्षांनी गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत भूगोलाचे मास्तर झाले. पण त्या संध्याकाळी यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. हातची नोकरी गेली होती आणि पुढचं कशाचंच नक्की नव्हतं. मला मात्र इतका आनंद झाला होता की काय करू नि काय नको असं झालं. ताटातला भात केव्हाचा निवला होता. मी म्हणाले, "बाबा, आता जेवून घ्या, थंडा झाला भात." तर आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"होऊ दे थंडा," ती म्हणाली. "सतरा वर्षं मले चार लाइनीची चिठ्ठी ये. मी खुशाल हाव, तुमी खुशाल असान, पानी कसं हाये, पोरीले आशीर्वाद. पाचवी लाइन कधी आली नाई, बेबी. मी कागद उलटून उलटून पाहो." तिनं पदरानं तोंड पुसलं, बाबांच्या पुढ्यात सरकून बसली आणि उखळाच्या कडेवर हात ठेवला. "हं, मंग? घाट चढून आल्यावर थो वारा कुठी गेला?"